वाळूच्या नळीतले जड तेल आणि कार्बन डायऑक्साइड : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी जड खनिज तेलाच्या वाढीव प्राप्तीसाठी कार्बन डायऑक्साइड वापरण्याचा विषय निवडला आणि मार्गदर्शक म्हणून माझे नाव दिले. विभागाच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला, की नाशिकच्या पायाखाली शेकडो मीटर काळा पाषाण (बेसाल्ट) आहे, तेलाचा थेंब नाही, मग हा विषय इथे कशाला? प्रश्न रास्त होता. उत्तर एवढेच, की जमिनीखाली काय घडते ते समजून घ्यायला तेलाची विहीर लागत नाही. वाळूने भरलेली जाड नळी, दाट तेल, दाबाखालचा वायू आणि धीर एवढे पुरते, आणि यांपैकी पहिल्या तीन वस्तू सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मिळतात.

प्रत्यक्ष उदाहरण म्हणून आग्नेय तुर्कस्तानातील बाती रमान हे क्षेत्र समोर ठेवले आहे. ते १९६१ मध्ये सापडले. तेथील तेल सुमारे १२ एपीआय अंशांचे (या मापात आकडा जितका लहान तितके तेल जड), म्हणजे चांगलेच जड, आणि साठ्याच्या नैसर्गिक दाबावर त्यातले दोन टक्केही वर येईना. सुमारे ९० किलोमीटरवरच्या दोदान वायुक्षेत्रातून नळाने कार्बन डायऑक्साइड आणून १९८६ पासून तो या साठ्यात सोडला जातो. हलक्या तेलात पुरेशा दाबाखाली हा वायू तेलाशी एकजीव होतो. जड तेलात तसे होत नाही. तो तेलात काही प्रमाणात विरघळतो, तेल फुगवतो आणि पातळ करतो. आमचा सारा प्रयोग या ‘काही प्रमाणात’भोवती फिरणार आहे.

गुजरातच्या महेसाणा पट्ट्यातील बालोल आणि संथाल येथेही जड तेल आहे, पण तिथे वेगळी वाट धरली गेली. साठ्यात हवा सोडून तेलाचा थोडा भाग जमिनीखालीच जाळायचा आणि त्या उष्णतेने उरलेले तेल वाहते करायचे, अशी ती पद्धत. विद्यार्थ्यांना तीच जास्त थरारक वाटली. महाविद्यालयाच्या तळघरात आग लावता येणार नाही, असे सांगून विषय मिटवला.

१२ डिसेंबर २०२४

खनिज तेलाचा नमुना मिळवण्याच्या पत्रव्यवहारात सत्र निघून गेले असते. म्हणून बॉयलरला लागणारे फर्नेस ऑइल घेतले. अंबडच्या एका कारखान्याने वीस लिटर दिले. १५ अंश सेल्सियसला त्याची सापेक्ष घनता ०.९६ भरली, म्हणजे ते जवळपास १६ एपीआय झाले. ५० अंशांना श्यानता, म्हणजे वाहण्यातला दाटपणा, १६१ सेंटिपॉइज आहे, तर त्याच तापमानाला पाण्याची जेमतेम ०.५५. फर्नेस ऑइल हे शुद्धीकरणानंतरचा गाळसाळ असलेले इंधन आहे, त्यातले अस्फाल्टीन, म्हणजे तेलाचा सर्वांत जड, डांबरी भाग, लवकर साका धरते, आणि म्हणून त्याचे आकडे खऱ्या साठ्यातील तेलाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिण्याची सूचना दिली आहे.

वाळूवरून थोडा वाद झाला. एका विद्यार्थ्याने गोदावरीची वाळू धुऊन, वाळवून आणली होती आणि तिच्यावर त्याने बरीच मेहनत घेतली होती. परंतु ती काळ्या पाषाणाची वाळू आहे. तिच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह असलेली खनिजे, शिवाय आपल्या भागात हमखास सापडणारी जिओलाइटे असतात. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आम्ल बनून या खनिजांशी झगडतो आणि कालांतराने त्यांचे कार्बोनेट करून टाकतो. आइसलँडमध्ये याच गुणाचा उपयोग करून हा वायू बेसाल्ट खडकात कायमचा बांधला जातो. तिथे तो गुण आहे, आमच्या नळीत तो घोटाळा ठरला असता. म्हणून ओतकामाच्या कारखान्यात साचे करायला वापरतात ती पांढरी सिलिका वाळू आणली. गोदावरीच्या वाळूची पिशवी कपाटावर ठेवली आहे. कोणाला पुढच्या वर्षी विषय हवा असेल तर तो त्या पिशवीत आहे.

२३ डिसेंबर २०२४

सातपूरच्या वर्कशॉपमधून नळी आली. ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील, आतला व्यास ३.८ सेंटिमीटर, लांबी ६० सेंटिमीटर, भिंत ५ मिलिमीटर, दोन्ही टोकांना आट्यांची झाकणे आणि आत बारीक जाळी. काम ८० बार दाबाला करायचे असल्याने पाणी भरून १५० बारला चाचणी घेतली आणि अर्धा तास काटा हलला नाही. वर्कशॉपचे मालक स्वतः उभे होते. “मॅडम, पाण्याने फुटली तर फक्त भिजाल, वायूने फुटली तर भिंत राहणार नाही,” असे ते मुलांकडे पाहून म्हणाले. दाबाखालचे पाणी आणि दाबाखालचा वायू यांतला फरक मी दोन तासिका घेऊनही इतका नीट सांगू शकले नसते.

६ जानेवारी २०२५

नळी भरली. वाळू एकदम ओतली तर ती थरांनी बसते, आणि पुढे वायूला त्या थरांतून आयती वाट मिळते. म्हणून नळी उभी धरून, पाण्याखाली, चमच्याचमच्याने वाळू टाकत बाहेरून लाकडी हातोडीने ठोकत राहावे लागते. साडेतीन तास गेले. एकूण १,१५५ ग्रॅम वाळू बसली. नळीचे घनफळ ६८० मिलिलिटर, वाळूचे स्वतःचे ४३६, म्हणजे पोकळी २४४. पाणी भरून मोजली तेव्हा २४३ आली. सच्छिद्रता ३६ टक्के. मिनिटाला २० मिलिलिटर पाणी वाहते ठेवायला सुमारे दीड मीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब लागला. त्यावरून पारगम्यता, म्हणजे वाळू द्रवाला किती सहज वाट देते ते, १२ डार्सीच्या (तिचे एकक) आसपास निघते.

दुसऱ्या दिवशी गरम तेल हळूहळू ढकलून २०९ मिलिलिटर पाणी बाहेर काढले. तेवढे तेल आत बसले आणि ३४ मिलिलिटर पाणी वाळूच्या कणांना चिकटून राहिले. खऱ्या साठ्यातही असेच असते. तेलाच्या आधी वाळू पाण्यात होती.

१७ जानेवारी २०२५

केवळ पाण्याचा प्रयोग पार पडला, कारण तुलनेला काहीतरी हवे. ३४ मिलिलिटर तेल आल्यावर दुसऱ्या टोकाला पाणी दिसले आणि तिथून पुढे पाणीच जास्त. पोकळीच्या दुप्पट पाणी सोडून झाल्यावर ७९ मिलिलिटर तेल हाती आले, म्हणजे ३८ टक्के. तेल पाण्यापेक्षा जवळजवळ तीनशे पट दाट असताना याहून वेगळे घडण्याचे कारण नव्हते.

२९ जानेवारी २०२५

कार्बन डायऑक्साइडचा ३० किलोचा सिलिंडर आला. वेल्डिंगवाले आणि सोडा भरणारे वापरतात तोच. मुलांनी सकाळी गेज पाहिले तेव्हा ४८ बार होता आणि दुपारी ५८. त्यांना वाटले, गेज बिघडले. ते बिघडलेले नव्हते. सिलिंडरमध्ये द्रव आणि बाष्प दोन्ही असतात तोवर दाब फक्त तापमान सांगतो. १० अंशांना तो ४५ बार असतो, २० अंशांना ५७. किती वायू उरला हे गेज सांगत नाही, ते वजनकाट्यालाच विचारावे लागते. तेव्हापासून सिलिंडर काट्यावरच उभा आहे.

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खाली साचतो. आमची प्रयोगशाळा तळघरात आहे. जमिनीलगतची खिडकी उघडी ठेवण्याचा आणि कोणीही एकट्याने न थांबण्याचा नियम लेखी लावला. प्रयोगशाळेतील मामांनी त्याची अंमलबजावणी माझ्यापेक्षा कडक सुरू केली आहे.

८ फेब्रुवारी २०२५

नवी वाळू, नवे तेल (२०७ मिलिलिटर), नळी आडवी, ५० अंश, ८० बार. आज पाणी न वापरता थेट वायूने तेल ढकलायचे होते. ३१.१ अंश आणि ७३.८ बार यांच्या वर हा पदार्थ द्रवही नसतो आणि धड वायूही नसतो. या अतिक्रांतिक स्थितीत त्याची विरघळवण्याची ताकद वाढते, असे मुलांनी वाचले होते आणि त्यामुळे अपेक्षा मोठी होती.

१३ मिलिलिटर तेल आले आणि नळीच्या तोंडातून फुसकारा सुरू झाला. त्यानंतर तास गेले, वायू गेला, आणि शेवटी बेरीज भरली ३१ मिलिलिटर. पंधरा टक्के. साध्या पाण्याने अडतीस दिले होते.

मुलांचे चेहरे उतरले, पण मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. या अवस्थेत कार्बन डायऑक्साइडची श्यानता सुमारे ०.०२ सेंटिपॉइज असते आणि तेलाची १६१. आठ हजार पटींचा फरक. असा वायू तेलाला ढकलत नाही, तो तेलातून पळतो.

१० फेब्रुवारी २०२५

नळी थंड करून वाळूचा दांडा सबंध बाहेर काढला आणि पाच-पाच सेंटिमीटरच्या चकत्या केल्या. प्रत्येक चकतीच्या वरच्या कडेला पेन्सिलीएवढा एक फिकट तपकिरी ठिपका होता, बाकीची चकती डांबरासारखी काळीभोर. बारा चकत्या ओळीने मांडल्या तेव्हा ठिपक्यांना ठिपके जुळून एक वेडीवाकडी वाट तयार झाली. वायू हलका, म्हणून तो वरच्या बाजूने गेला. पातळ, म्हणून एकाच बोटाने गेला. त्या वाटेच्या भोवती साधारण अर्धा सेंटिमीटर रुंदीचा एक पट्टा मात्र ना काळा ना फिकट असा होता. बोट लावले तर तिथले तेल जास्त सहज सुटत होते. एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, वायूला इथे थांबवलं असतं तर हा पट्टा रुंद झाला असता का?”

पुढचा आराखडा या प्रश्नावर बदलला. ढकलणे बंद. आता वायू आत सोडायचा, दोन्ही झडपा बंद करायच्या, मुरू द्यायचा, आणि आला त्याच तोंडाने परत काढायचा. तेलक्षेत्रात ही पद्धत जुनीच आहे आणि बाती रमानमध्येही सुरुवात अशीच झाली होती. सलग वायू सोडणे तिथे नंतर आले. ते आधी वाचूनही आम्ही लक्षात घेतले नाही, याची नोंद असावी.

२० फेब्रुवारी २०२५

वायूचा हिशेब जुळेना. आत गेला त्यातला मोठा भाग बाहेर आल्याचे दिसतच नव्हते. ८० बार आणि ५० अंशांचा एक मिलिलिटर बाहेर येऊन सुमारे १२० मिलिलिटर होतो. तो मोजण्यासाठी आम्ही पाण्याच्या पिंपात उलटे भांडे धरले होते, आणि गळती कुठे आहे ते साबणाच्या फेसाने शोधण्यात दोन दिवस घालवले. गळती पिंपातच होती. २५ अंशांना एक लिटर पाणी जवळपास पाऊण लिटर कार्बन डायऑक्साइड पिऊन टाकते, आणि आमचे पिंप पन्नास लिटरचे. सोड्याच्या बाटलीचे तत्त्व समोर असताना हे सुचू नये, याची मला जास्त लाज वाटली. आता पिंपात मिठाचे संपृक्त पाणी आहे आणि त्यात थोडे आम्ल.

४ मार्च २०२५

मुरवण्याचा पहिला पूर्ण प्रयोग झाला. आधी पाणी सोडून जेवढे येते तेवढे तेल काढून घेतले. मग नळी उभी करून वरून वायू सोडला आणि खालून ७० मिलिलिटर द्रव, बहुतेक पाणीच, निघू देऊन त्याला जागा करून दिली. ८० बारला दोन्ही झडपा बंद. चोवीस तासांत दाब ७१ वर आला.

हा दाब तेलात विरघळल्यामुळे उतरला, की कुठेतरी गळतो आहे? दोन्हींचा काटा सारखाच उतरतो. पण गळतीचा उतार जवळपास सरळ असतो, तर विरघळण्याचा आधी तीव्र आणि मग सपाट होत जातो. आमचा दुसऱ्या प्रकारचा होता. तरी खात्रीसाठी आधीच एक कोरी चाचणी घेतली होती. तीच नळी, तीच वाळू, आधीच वायूने संपृक्त केलेले पाणी आणि तेल नाही. तिच्यात चोवीस तासांत अर्धा बारही उतरला नव्हता. दर तासाला दाबाबरोबर, नळी ज्यात ठेवली आहे त्या गरम पाण्याच्या टाकीचे तापमान लिहिणे सक्तीचे केले आहे, कारण मधल्या एका दुपारी वीज गेली, टाकी ४३ अंशांवर आली आणि काटा असा घसरला की शोधनिबंध लिहायला निघावे.

झडप उघडल्यावर तेल आले ते फेसाळत, उतू जाणाऱ्या दुधासारखे. मापात ४० मिलिलिटर दिसत होते. रात्रभर गरम ठेवून फेस बसला तेव्हा उरले १७. पाण्याने जे अजिबात सुटत नव्हते त्यातले हे सतरा.

दाब मात्र घाईने उतरवला गेला, आणि त्याची किंमत झाकणातल्या ओ-रिंगने मोजली. काळ्या नायट्राइल रबराची कडी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर टम्म फोड आले होते, तव्यावरच्या फुलक्यासारखे, आणि एका फोडाला चीर. दाबाखाली वायू रबरातही मुरतो. दाब अचानक काढला की आतला वायू बाहेर यायला वाट शोधतो आणि रबर फोडून येतो. यापुढे कडक दर्जाची रबरी कडी, तिला टेफ्लॉनचा आधार, आणि दाब उतरवायला किमान चार तास.

२१ मार्च २०२५

एक ठरवून न केलेला प्रयोग नोंदवायचा आहे. १७ तारखेला दुपारी चोवीस तासांच्या मुरवणीची पुनरावृत्ती लावली होती. १८ ला चौघांपैकी दोघे आले नाहीत, आणि एकट्यादुकट्याने झडप उघडायची नाही हा नियम मामांनी मोडू दिला नाही. १९ ला रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडलेल्या असताना तेलाच्या नळीशी कोण बसणार? नळी उघडली ती काल दुपारी, बरोबर ७२ तासांनी. दाब ६७ वर उतरलेला, आणि फेस बसल्यावर तेल २६ मिलिलिटर.

मुलांनी आनंदाने लगेच आलेख काढला. मी त्यांना थांबवले. दोन बिंदूंतून कोणतीही रेघ जाते.

१६ एप्रिल २०२५

दोन प्रयोग पुरे झाले, दोन्ही नव्या वाळूवर. सहा तास मुरवून ९ मिलिलिटर आले. ७२ तासांचा प्रयोग मुद्दाम पुन्हा केला, तेव्हा २५. सर्व खेपांत सुरुवातीचे तेल २०५ ते २११ मिलिलिटर होते, त्यामुळे तुलना करायला हरकत नसावी.

सहा तासांचे चोवीस झाले, वेळ चौपट झाला, तेल मात्र दुप्पट. विसरण, म्हणजे वायूचे तेलात आपोआप पसरत जाणे, असेच चालते. अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढते. त्याच हिशेबाने ७२ तासांना २९ यायला हवे होते, आले २५-२६. याचे कारण मला नळीतच दिसते. जड तेलात या वायूचा विसरणांक सेकंदाला चौरस मीटरच्या अब्जाव्या भागाएवढा किंवा त्याच्याही एक दशांश असतो. वरची किंमत धरली तर ७२ तासांत वायू दीड सेंटिमीटरच्या थोडा पुढे पोहोचतो. आमच्या नळीची त्रिज्या १.९ सेंटिमीटर आहे, म्हणजे मधल्या वाटेने गेलेला वायू भिंतीजवळ आला आणि पुढे विरघळायला ताजे तेल कमी राहिले. खालची किंमत धरली तर एका सेंटिमीटरलाच अकरा-बारा दिवस लागतात. खऱ्या साठ्यात वायूच्या दोन वाटांमध्ये कितीतरी मीटर असू शकतात, तेव्हा तिथे केवळ विसरणाच्या भरवशावर बसता येत नाही. वायू पुन्हापुन्हा सोडून, काढून, नव्या वाटा पाडाव्या लागतात.

नळी फोडल्यावर वाळूच्या कणांवर काळे खवले दिसले. टोल्युइनमध्ये ते विरघळले, हेप्टेनमध्ये नाहीत. म्हणजे अस्फाल्टीन. बाहेर आलेले तेल मूळ तेलापेक्षा किंचित हलके आहे, कारण त्याचा सर्वांत जड भाग आतच राहिला. एकाच नळीत हे चालून जाते. विहिरीच्या तोंडाशी हेच साचले तर वाट बुजते. सिलिंडरजवळच्या जोडणीत चुकून साध्या लोखंडाचे एक निपल (आखूड जोडनळी) राहिले होते. ओल्या वायूने ते आतून खवल्याखवल्यांनी खाल्ले आहे. तेही जपून ठेवले.

२४ एप्रिल २०२५

अंतर्गत परीक्षणात विचारले गेले, की नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचा वायू या कामाला देता येईल का. प्रश्न प्रकल्पाच्या कक्षेबाहेरचा आहे, तरी हिशेब मांडून ठेवते. तिथे २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळशावर दर युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एक संच पूर्ण भाराने चालताना दिवसाला पाच हजार टनांच्या आसपास सोडतो. कॅनडातील वेबर्न तेलक्षेत्रात २००० मध्ये काम सुरू झाले तेव्हा सुमारे ३२० किलोमीटर नळाने साधारण तेवढाच वायू रोज आणला जात होता. पण तो अमेरिकेतील कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्यातून जवळजवळ शुद्ध स्थितीत मिळत होता, आणि वेबर्नचे तेल हलके आहे. धुराड्यातल्या वायूत कार्बन डायऑक्साइड बारा-चौदा टक्केच असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. तो वेगळा काढणे हेच सर्वांत खर्चाचे काम. खरे तर नाशिकमध्ये जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड द्राक्षाच्या मद्याच्या टाक्यांवरून उडून जातो. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबले की ८८ ग्रॅम वायू सुटतो. आमच्या एका नळीला एक छोटी टाकी वर्षभर पुरेल. साठ्याला ती कणभरही नाही.

६ मे २०२५

शेवटची खेप लावायची होती, ती लागली नाही. नळीत सोडण्याआधी वायू ज्या भांड्यात भरून घेतो, त्यात तो सिलिंडरमधून बर्फाशिवाय येईना. प्रयोगशाळेचा तापमापक ३७ अंश दाखवतो आणि क्रांतिक तापमान ३१.१ आहे, आता सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही, तर भांड्यात जाणार काय? नवा, पूर्ण भरलेला सिलिंडर कालपासून बाहेरच्या व्हरांड्यात होता. तिथे दुपारी ४० अंशांना त्याचा दाब शंभर बारच्या पुढे गेला होता. तो मामांच्या मदतीने सावलीत, आतल्या जिन्याखाली आणला आणि त्यावर ओले गोणपाट टाकले.

बर्फ लावून भांडे भरता येईल, पण थंड द्रवाने काठोकाठ भरलेले भांडे मग ५० अंशांच्या टाकीत जायचे आहे, आणि द्रवाला फुगायला जागा नसली तर दाब काही मिनिटांत नळीच्या चाचणीदाबाच्या पलीकडे जाईल. सुरक्षा-झडप ११० बारला लावलेली आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवून काम करायचे नाही. म्हणून भांडे अर्धेच भरायचे, वजन करून, आणि तेही सकाळी सातच्या आत. उद्या मुले साडेसहाला येणार आहेत. बर्फ द्वारका चौकातून येईल. जुन्या सिलिंडरमध्ये ११.४ किलो वायू शिल्लक आहे.